डाव्या अंगठ्याची गाडी

प्रिय फिटरीणबाई,

या नावाने हाक मारल्यावर तू हसली असशील तर अर्धं काम झालं, आणि कपाळाला आठी पडली असेल तर तीही मला कबूल आहे. दोन वर्षांत ज्याने साधी खुशाली विचारली नाही, तो माणूस एकदम चार कागद भरून पाठवतो म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार, हे तू पाकीट हातात घेतानाच ओळखलं असशील. माझी तब्येत बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू घरात होतीस तेव्हाही कुरकुरायचाच. काल संध्याकाळी पंपघरातल्या फोनवरून तुला दोनदा कुणीतरी फोन लावला आणि तू 'हॅलो, कोण?' म्हणताच ठेवून दिला. तो मीच. म्हटलं, हे काम तोंडाने जमायचं नाही, कागदावरच उतरवावं लागेल.

आधी इकडची खबर. टेकडीवरच्या टाकीपासून खालच्या शेवटच्या वस्तीपर्यंत जाणारी पाण्याची लाइन अजून माझ्याच गळ्यात आहे. सतरा व्हॉल्व्ह, रोज एक फेरी, मध्ये तो निसरडा उतार आणि दगडांचा पट्टा. नवीन माणूस देतो म्हणाले होते, तो येऊन पायवाट बघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. स्वयंपाक मीच करतो. तुला माहीत आहे मी कसा करतो ते, त्यामुळे जास्त लिहीत नाही. तुझ्या खोलीत आता पाइपाचे तुकडे आणि गळक्या तोट्या ठेवल्यात. खोली रिकामी बघवत नव्हती, एवढंच त्याचं कारण.

आणि बेडकी. आपली ती गाडी दारात उभी आहे, धुऊनपुसून चकाचक, कंपनीतून काल आणल्यासारखी. आणि मी फेरीला पायी जातो. हे असं का, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे, पण मला थोडं मागून यावं लागेल. म्हातारा माणूस मुद्द्यावर यायला वेळ लावतो म्हणून तू मला चिडवायचीस, आज पुन्हा चिडव.

तू या घरात आलीस तेव्हा गाडी घेऊन महिना झाला होता. चार जाड चाकं, हँडल मोटारसायकलीचं, बसकण अशी की बेडकीच म्हणावं. खात्याने दिलेली नव्हती, माझीच होती, आणि मी तिच्यावर खूश होतो. फक्त एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. या गाडीला रेस द्यायचा खटका उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो, आणि माझा उजवा अंगठा फार वर्षांपूर्वी व्हॉल्व्हच्या चाकात सापडला तेव्हापासून नावालाच आहे. मी तो खटका तळहाताच्या कडेने रेटायचो आणि वाकड्या मनगटाने चढ चढायचो. आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे तुझ्या तेव्हाच्या नवऱ्याने, ते रोज पाहिलं आणि त्याला कधी काही दिसलं नाही. तू आठ दिवस कट्ट्यावर बसून बघत राहिलीस. नवव्या दिवशी म्हणालीस, "बाबा, गाडी मला दोन दिवस द्या. आणि कशाला ते विचारू नका."

मग घरात जे रामायण झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं. चिरंजीव शोरूमच्या वॉरंटीच्या टेबलावर नुकताच लागला होता. त्याचं म्हणणं, बाहेरचा एक स्क्रू जरी बसवला तरी वॉरंटी गेली म्हणून समजा. तू पाच वर्षांच्या वॉरंटीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलीस, पेन्सिलीने खुणा केल्यास आणि ती त्याच्या ताटाशेजारी ठेवलीस. त्यात लिहिलं होतं की जोडलेल्या वस्तूमुळेच बिघाड झाला असेल तर कंपनी हात वर करेल, एरवी नाही. तो म्हणाला, पुस्तिकेत काही का लिहिलेलं असेना, माणूस टेबलाशी आला की साहेब आधी बाहेरचं काय लावलंय तेच बघतात आणि सगळं खापर त्याच्यावर फोडतात. तू म्हणालीस, मग आपण असं काम करू की खापर फोडायला जागाच मिळू नये. मी भाजी वाढत होतो. खरं सांगू, मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघं एकमेकांशी इतक्या जोरात भांडताहेत म्हणजे संसार नीट चाललाय असं मला वाटत होतं. माझी अक्कल ती.

दोन दिवसांनी गाडी आली तेव्हा खटका डाव्या हाताला आला होता. पुढे दोर ओढणारी विंच, वर दिव्यांची पट्टी, मागे माझ्या पान्यांची पेटी. पण मला खरं कौतुक वाटलं ते आतल्या कामाचं. कंपनीची एकही वायर तू कापली नव्हतीस. बॅटरीपासून वेगळी लाइन, वेगळा फ्यूजचा डबा, प्रत्येक वायरीला पांढरी चिठ्ठी, आणि सीटखाली आख्खा नकाशा चिकटवलेला. काढलेले मूळ भाग खोक्यात भरून माळ्यावर. वर मला दम दिलास की बाबा, पुढे काहीही नवीन लावायचं झालं तर माझ्या डब्यातून लाइन घ्यायची, कंपनीच्या वायरीला बोट लावायचं नाही. आणि मला बोलवायचं. स्वतः शहाणपणा करायचा नाही. मी हो म्हणालो. त्या दिवशी मी तो चढ ताठ मनगटाने चढलो आणि वर टाकीपाशी जाऊन, कुणी नव्हतं म्हणून सांगतो, थोडा रडलो.

पुढचं तुला माहीतच आहे. तुमचं का बिनसलं ते मला आजही नीट कळलेलं नाही. कुणी कुणाला फसवलं नाही, कुणी हात उगारला नाही. दोघंही शहाणी, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि रोज थोडं थोडं कमी बोलत गेलात. तू गेलीस त्या दिवशी मी मुद्दाम सतराव्या व्हॉल्व्हपाशी बसून राहिलो, कारण तुला निरोप द्यायचा म्हणजे कुठल्या नात्याने द्यायचा हे मला सुचत नव्हतं. हे चुकलंच माझं. नंतर तू शहरात स्वतःचं वर्कशॉप काढलंस, पाटी लावलीस, लांबलांबून लोक गाड्या घेऊन येतात असं कानावर यायचं. मला आनंद व्हायचा, आणि तुला तो कळवायला मात्र हात धजायचा नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मागच्या थंडीत बोटं इतकी बधिर व्हायला लागली की व्हॉल्व्हचं चाक धरवेना. एका दुकानात हँडलवर चढवायच्या गरम मुठी मिळाल्या, विजेवर तापणाऱ्या. तुला बोलवायला हवं होतं. दोनदा ठरवलं. पण मनात आलं, काय म्हणून बोलवू? सून म्हणून? गिऱ्हाईक म्हणून? गिऱ्हाईक म्हणून बोलावलं तर तुला वाईट वाटेल, आणि सून म्हणून बोलावलं तर चिरंजीवाला. या विचारात दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी मी स्वतःच पाना घेऊन बसलो. तुझ्या डब्याचं झाकण उघडायला मन होईना, तिथं सगळं इतकं नीट होतं की माझा हात लागून बिघडेल असं वाटलं. म्हणून मी हेडलाइटच्या वायरीला चीर देऊन तिथूनच लाइन घेतली. हो, कंपनीच्या वायरीला. फ्यूज उडाला. पुन्हा घातला, पुन्हा उडाला. मग मी त्याहून मोठा फ्यूज घातला आणि तो उडाला नाही, तेव्हा मला वाटलं जमलं आपल्याला.

आणि सांधा कशाने गुंडाळला असेल? हसू नकोस. काळी टेप सापडेना, म्हणून नळाच्या आट्यांवर गुंडाळतो ती पांढरी टेप, चांगले पंधरा वेढे. तीस-पस्तीस वर्षं पाण्याच्या लाइनीवर घालवलेल्या माणसाला वाटतं की गळती थांबली म्हणजे सगळं थांबलं.

दोन महिने मुठी मस्त तापल्या. मग एका सकाळी अकराव्या व्हॉल्व्हच्या उतारावर हँडलखालून धूर निघाला आणि गाडी मेली. आतला वायरींचा जुडगा वितळला होता आणि इंजिनाला हुकूम देणारी ती पेटी जळाली होती. मला काही झालं नाही. गाडी ट्रॉलीत घालून शोरूमला न्यायची होती, आणि नेण्याआधी मी जे केलं ते नीट वाच, कारण सगळी गोम तिथे आहे. वॉरंटीसाठी गाडी नेताना लोक बाहेरचं सामान काढून ठेवतात, आमच्याकडे सगळेच करतात, हे तुला ठाऊक आहे. तू जोडलेल्या कशालाही मी हात लावला नाही. ते इतकं सुबक होतं की त्याची लाज कसली वाटायची? मी फक्त माझ्या मुठी काढल्या. ते ओबडधोबड काम चिरंजीवाने बघितलं तर हसेल, या एका भीतीने मी त्या उपसल्या आणि तोट्यांच्या ढिगात टाकल्या. देवाशपथ सांगतो, मनात दुसरं काही नव्हतं. पण त्यामुळे शोरूमच्या दारात जी गाडी उतरली, तिच्यावर बाहेरचं म्हणून जे काही दिसत होतं ते सगळं तुझं होतं.

चिरंजीवाने कागद भरताना रीतीप्रमाणे विचारलं, "बाबा, ही वायरिंगची कामं कुणाची?" मी म्हणालो, तिचीच. खोटं नव्हतं. त्याने पुढे विचारलं, नंतर कुणी काही छेडछाड केली का? टेबलाशी दोन माणसं उभी होती, एक मुलगी काहीतरी टाइप करत होती, आणि मी मान हलवली. नाही म्हणून. एवढीच माझी मान हलली, पोरी. त्याने तेच लिहिलं. कंपनीचे तपासनीस आले, कायम गळ्यात भिंग अडकवलेले, म्हणून सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणतात. त्यांनी फोटो काढले, शेरा मारला की बाहेरून केलेल्या विद्युत जोडणीमुळे बिघाड. वॉरंटी नाकारली. मग चिरंजीवाने रदबदली करून, वडील माणूस, पाण्याचं काम, असं सांगून एवढ्या वेळेपुरती दुरुस्ती करून घेतली. अट एकच, बाहेरचं सगळं काढून गाडी मूळ रूपात आणायची. म्हणून बेडकी आता चकाचक आहे आणि तिचा खटका पुन्हा उजवीकडे आहे. दुरुस्त गाडी मला चालवता येत नाही, तळहाताने खटका रेटायचं बळ आता मनगटात उरलेलं नाही. शिक्षा कुणी दिली नाही, ती आपोआप झाली.

तिच्याबरोबर एक खोकं आलं, तुझ्या काढलेल्या सामानाचं. त्यात तुझ्या पांढऱ्या चिठ्ठ्या वायरींवर तशाच होत्या. दिवे. विंच. आणि त्या खटक्याच्या केबलवर, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात, 'बाबांचा डावा'. मी खोकं बंद करून ठेवलं. तरीही मी गप्प होतो, हे मी लपवत नाही. मनाला सांगत होतो, वॉरंटीच्या एका कागदावर एक शेरा, त्याने तिचं काय बिघडणार? ती कुठे, तो कागद कुठे.

तुझं काय बिघडलं ते मला गेल्या रविवारी कळलं. चिरंजीव जेवायला आला होता. हात धुऊन पायरीवर बसला. मग म्हणाला की कंपनी आता बाहेरच्या काही फिटरांना मान्यता देणार आहे, म्हणजे त्यांनी बसवलेल्या सामानाला वॉरंटीत धक्का लागणार नाही, आणि त्या यादीत तुझा अर्ज सगळ्यात वर होता. माझ्या गाडीच्या शेऱ्यामुळे तो अडकलाय. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे तुला मी मुद्दाम सांगतो. तो म्हणाला, "बाबा, मला खरंच वाटलं नव्हतं ती असं काम करेल. तिचं काम मी पाहिलंय." माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. मी उठलो, तुझ्या खोलीत गेलो, तोट्यांच्या ढिगातून मुठी काढल्या आणि त्याच्यासमोर ठेवल्या. तो आधी मुठींकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मला वाटलं ओरडेल. त्याने फक्त विचारलं, "तिला का नाही बोलावलं?" मी म्हणालो, तुला वाईट वाटेल म्हणून. तो म्हणाला, मला वाटलं असतं बाबा, पण तुमचे हात तरी पुन्हा गारठले नसते. मुलगा वाईट नाही आपला. तुमचं जमलं नाही ते नाही, पण वाईट नाही.

सोमवारी आम्ही दोघं मिळून भिंगसाहेबांकडे गेलो. मी मुठी टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, फ्यूजसकट. टाइप करणारी ती मुलगी हात थांबवून ऐकत होती, आणि मला बरंच वाटलं की कुणीतरी ऐकतंय. साहेबांनी फाइल काढली. त्यांच्या फोटोत जळक्या सांध्याला पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं, ते काय हे त्यांना इतके दिवस उमगलं नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि चक्क हसले. माझा जबाब लिहून घेतला, दुरुस्तीची सवलत रद्द होईल म्हणाले, मी म्हटलं करा. चिरंजीवालाही वरून बोलणी बसतील, घरच्याच माणसाचा कागद तपासल्याशिवाय भरला म्हणून. तो म्हणाला, बसू देत.

मला वाटलं, आता सुटलं सगळं. पण साहेब म्हणाले की गाडीमालकाचा जबाब गाडीच्या फाइलीत जातो, फिटरच्या फाइलीत नाही. तिथला शेरा पुसायचा तर फिटरने स्वतः हरकत घ्यावी लागते. मी म्हटलं, तिला कळवलंय का? तेव्हा त्यांनी तुझी फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. तुला अहवाल गेला होता, फोटोंसकट आणि माझ्या त्या 'नाही'सकट, आणि तुझं उत्तरही आलेलं होतं. एकच ओळ. 'जोडणी माझी आहे, मला काही म्हणायचं नाही.' पोरी, हेडलाइटच्या जवळपास तुझी एकही वायर नव्हती. नकाशा तुझ्याकडे आहे, फोटो तुझ्याकडे आहेत, आणि नळाची टेप वायरीला गुंडाळणारा गाढव या जगात कोण आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तुला फोटो बघताक्षणी कळलं होतं. मी तुला बोलावलं नाही, निरोप दिला नाही, भर टेबलाशी मान हलवली, आणि तू तुझं नाव बुडू दिलंस, का, तर लोकांपुढे मी खोटा पडू नये म्हणून. असं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं. मला त्याची फार लाज वाटते आणि, खोटं कशाला बोलू, फार सुखही वाटतं. पण हे मला चालणार नाही. हरकतीची मुदत गुरुवारी दुपारपर्यंत आहे. सोबत माझ्या जबाबाची सही केलेली प्रत आहे, आणि कोरा अर्जही आहे, चिरंजीवाने स्वतः आणून दिलेला. त्यात 'कुणाविरुद्ध' असा एक रकाना आहे. तिथे माझं नाव लिही, पूर्ण लिही, आणि माझी दया करू नकोस. सासरा आता तुझा कुणी लागत नाही, असं कागद म्हणतो. पण मुलीने बापाविरुद्ध खरं लिहिलं तर बाप तिचाच राहतो, एवढं माझं ऐक आणि गुरुवारच्या आत तो अर्ज दे.

तुझाच, आणि या एका अर्जापुरता तुझ्या विरुद्ध बाजूचा,
बाबा